जांभळा पेन

बाईंची पत्रकं मीच छापतो. चारही वेळा मीच.
शनिवार पेठेत, बोळाच्या तोंडाशी.
पहिल्यांदा ट्रेडलवर, मग ऑफसेटवर,
आता मुलगा संगणकावर जुळवतो
आणि विचारतो, या आजी कधीच कशा येत नाहीत निवडून?

निघोजकर बाई. रात्रशाळेला गणित.
वर्गात दोन वेटर, एक पेपरवाला, मार्केट यार्डातले तिघं,
आणि मी, दिवसभर खिळे जुळवून आलेला,
वहीच्या प्रत्येक पानावर अंगठ्याची शाई.
"अंकुश, उत्तर चुकलंय. रीत बरोबर आहे.
रीतीचे दोन मार्क देते."
त्या दोन-दोन मार्कांवर मी मॅट्रिक झालो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या
आणि त्याच महिन्यात पदवीधरचा अर्ज भरला.
पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर:
एवढ्या मुलखाला एक बाई, एक कापडी पिशवी,
स्वारगेटहून पहाटेची एस.टी.
दोनदा पूर्ण तिकीट, तिसऱ्यांदा अर्धं,
यंदा पंच्याहत्तरी उलटली म्हणून फुकट.
"सरकारनं माझ्या प्रचाराला
एवढा तरी हातभार लावला," म्हणाल्या.

या निवडणुकीत चिन्ह नसतं.
ना घड्याळ, ना शिट्टी, ना शिलाई मशीन.
नावापुढे आकडा लिहायचा, जांभळ्या पेनानं,
पहिली पसंती, दुसरी, तिसरी.
बाईंना हे फार आवडायचं:
मत द्यायचं तर आकडा यावा लागतो.

पत्रकाच्या पाठीमागे त्या पावकी-निमकी छापायला लावत.
पुढचं कुणी वाचलं, देव जाणे.
पाठ मात्र मिरजेत एका किराणावाल्यानं
काचेखाली ठेवलेली मी पाहिली आहे.

"दुसरी तुम्हालाच, बाई."
अकलूजला हेच, कराडला हेच,
सदाशिव पेठेत तर दार न उघडता, जाळीतूनच.
पाच जिल्ह्यांत कुणी दुसरी नाकारली नाही.
पहिलीचं मात्र कॉलेज असायचं,
पहिलीची बँक असायची, साखर कारखाना असायचा.

बालेवाडीला मोजणी. बाईंचा प्रतिनिधी मी,
गळ्यात फोटोचं कार्ड, खिशात बाईंनी दिलेला कागद.
निम्मे अधिक एक, याचं उदाहरण
त्यांनी रात्रीच सोडवून ठेवलेलं,
फक्त वैध मतांची जागा रिकामी.

बाद मतांचा गठ्ठा दाखवायला धरला
तेव्हा रात्रीचे अडीच.
बाईंच्या नावापुढे आकडा नाही.
बरोबरची खूण.
आखूड उतार आणि लांब, वर वळलेली शेपटी,
अगदी बाई करायच्या तशी.
पुढची चिठ्ठी. तीच खूण.
त्याच्या पुढची.
मी एकशे बारापर्यंत मोजलं.
टेबलावरचा तरुण अधिकारी जांभई देत म्हणाला,
पदवीधर ना हे, एक लिहिता येत नाही?
त्याला काय सांगणार, कुणाच्या वह्या होत्या या.

एकशे बारांनी बाई निवडून आल्या नसत्या.
अनामतसुद्धा वाचली नसती.
तरी रिक्षात सांगितलं.
औंधच्या पुलापर्यंत काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "उत्तर बरोबर.
रीत चुकली."
आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाला,
"मीच शिकवलं नाही त्यांना ते."

परवा दुकानात आल्या. पुढची निवडणूक सहा वर्षांनी.
तेव्हा त्या ब्याऐंशीच्या असतील, मी सांगितलं नाही,
वजाबाकी त्यांनीच शिकवली आहे.
या वेळी पावकी नको म्हणाल्या,
मागे नुसता एक छाप. मोठा, पानभर. एकाचा आकडा.
मुलानं प्रूफ काढून दिलं.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते
लांब धरलं, जवळ धरलं,
माझ्या खिशातला पेन घेतला
आणि कोपऱ्यात खूण केली,
आखूड उतार, लांब शेपटी.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला.
मी म्हटलं, पाच हजार लाव. कागद जाड घे.